शूबाईंच्या घरातली शांतता

वाचनालयात अभ्यासाला येणारी मुलं त्यांना शूबाई म्हणत. तोंडावर नव्हे, पाठीमागे. पण पाठीमागचं बोलणं शूबाईंना तोंडावरच्यापेक्षा स्पष्ट ऐकू यायचं. बावीस वर्षं त्या अभ्यासिकेच्या दाराशी टेबल टाकून बसत होत्या, परतीच्या तारखेचा शिक्का मारून पुस्तकंही तिथूनच देत. शेवटच्या कपाटाआड कुणी बिस्किटांचा पुडा काढला तर जागचं न हलता सांगायच्या, पुडा नवा फोडलाय की कालचा उरलेला आहे. नाक ओढणारा, पाय हलवणारा, पेनाचं टोक टकटक करणारा, सगळे त्यांना न बघता ओळखू येत. ओठावर बोट ठेवून त्यांनी एकदा 'शूऽ' केलं की वरचा पंखासुद्धा दबकून फिरतो, अशी मुलांमध्ये थट्टा होती.

आणि अशा बाईचा नवरा कोण, तर बाटल्यांच्या कारखान्यातला फोरमन. फळांचा रस भरायच्या काचेच्या बाटल्या पट्ट्यावरून शेकड्यांनी धावायच्या, एकमेकींवर आपटायच्या. त्या गदारोळात उभं राहून फोरमन नुसत्या कानाने सांगायचे, थांबवा, एक तडकलेली गेली. पट्टा थांबवून बघावं तर खरंच तडा. हे कसब दाखवायचं तर कान उघडे हवेत, म्हणून कारखान्याने दिलेले कानातले बोळे सव्वीस वर्षं त्यांच्या खिशातच राहिले. शूबाईंना नवऱ्याच्या कानांचा फार अभिमान होता. आम्ही दोघंही कानांवर पोट भरतो, असं त्या मैत्रिणींना सांगायच्या.

एका रविवारी सकाळी पेपर वाचता वाचता फोरमन म्हणाले, "अगं, ती किटली उतरव ना. केव्हाची शिट्टी मारतेय."

किटली ओट्यावर पालथी घातलेली होती.

पुढचे आठ दिवस फोरमन ती शिट्टी शोधत फिरले. नळ तपासले, दिवे काढून लावले, शेजाऱ्याच्या दाराला कान लावताना पकडले गेले आणि ओशाळून परत आले. शेवटी उशीत डोकं खुपसलं तरी ती येतेच, म्हटल्यावर बाहेर शोधणं थांबलं. कानाच्या डॉक्टरांकडे ते एकटेच गेले, कारण त्या आठवड्यात वाचनालयात पुस्तकांची वार्षिक मोजणी होती आणि शूबाईंना रजा मिळेना. ही न मिळालेली रजा पुढे सगळ्यांनाच भोवली. संध्याकाळी त्यांनी खोदून खोदून विचारलं तेव्हा फोरमननी एवढंच सांगितलं की एका बंद खोलीत बसवून तपासलं, बारीक आवाज ऐकणारा भाग झिजलाय, ही शिट्टी कानात आपोआप वाजते, तिच्यावर गोळी नाही आणि ऑपरेशनही नाही. सवय करायची. कानाला जपायचं, मोठ्या आवाजात जायचं नाही.

"एवढंच म्हणाले?"

"एवढंच. बाकी नेहमीचं. कॉफी बेताने, झोप वेळेवर, काळजी करू नका."

काळजी करू नका, हे शूबाईंना सांगणं म्हणजे माशाला पाण्यात पडू नको म्हणण्यासारखं. लेक लहान असताना तिला एक शिंक आली तर या तिची छाती, पाठ, तळवे तपासून झाल्यावर शेजारच्या मुलांचेही तळवे तपासायच्या. आता लेक कॉलेजात गेली होती आणि कुणाला हात लावू देत नव्हती. तेव्हा ती सगळी काळजी फोरमनच्या दोन कानांवर येऊन बसली. कान जपायचे म्हणजे आवाज नको. आणि आवाज बंद करणं हे तर त्यांचं बावीस वर्षांचं काम.

वाचनालयाच्या जुन्या टेबलांवरून काढलेलं हिरवं जाड कापड घरी आणून त्यांनी प्रत्येक खुर्चीच्या पायांना शिवलं. बिजागऱ्यांत तेल घातलं. भिंतीवरच्या घड्याळाचा सेल काढून फडक्यात गुंडाळून कपाटात ठेवला. वेळ बघायला सगळ्यांकडे फोन आहेत. वरच्या मजल्यावरच्या आजोबांना घरात घालायला मऊ सपाता नेऊन दिल्या, वर त्यांचं माप चुकलं म्हणून बदलूनही आणल्या. लेकीचे इअरफोन काढून घेतले, तुझेही कान तसेच होतील म्हणून. फ्रिज सारखा गुणगुणतो, तर एका दुपारी एकटीने ढकलत ढकलत तो बाल्कनीत नेला आणि पुढचे चार दिवस कमरेला पट्टा बांधून कामावर गेल्या.

लेक म्हणाली, "आई, आपण घरात राहतोय की अभ्यासिकेत? कार्ड काढावं लागेल का मला?"

"शूऽ," शूबाई म्हणाल्या.

महिन्याभरात घर असं झालं की चमचा ठेवतानाही माणसाने श्वास रोखावा. शूबाई संध्याकाळी दिवाणखान्यात बसून ती शांतता समाधानाने ऐकायच्या. एवढं कुणी कुणासाठी केलं नसेल, असं त्यांना वाटायचं.

फोरमन मात्र दिवसेंदिवस उतरत चालले. कारखान्याने त्यांना पट्ट्यावरून काढून गोदामात टाकलं होतं. तिथे पुठ्ठ्याची खोकी, वह्या आणि एक खिडकी, आवाज कसलाच नाही. घरी आलं तर घर हे असं. डोळ्यांखाली काळं आलं, बोलता बोलता शब्द सुटायला लागले. विचारलं तर म्हणायचे, काही नाही, झोप लागत नाही. एकदा मध्यरात्री शूबाईंना जाग आली तर शेजारी जागा रिकामी. बघतात तर फोरमन बाल्कनीत, अंधारात, फ्रिजला खांदा टेकवून उभे.

"भूक लागली का?"

"हो," फोरमन म्हणाले.

त्यांनी एक सफरचंद चिरून दिलं. फोरमननी ते निमूटपणे खाल्लं, भूक नसलेला माणूस खातो तसं. बशी उचलताना शूबाईंनी सहज कठड्यावरून खाली बघितलं. खालच्या मजल्यावरच्या खिडकीत उजेड होता, आणि तो उजेड कुणाचा ते त्यांना ठाऊक होतं.

खाली स्वेटरवाली राहायची. आठ महिन्यांपूर्वी आली होती, एकटीच. नवरा परदेशी नोकरीला गेला तो तिकडेच दुसरा संसार थाटून बसला, हे तिने जिन्यात पहिल्याच भेटीत सांगून टाकलं, आणि सांगताना हसली. तिचं हसणं मोठं होतं, तीन मजले चढून जाणारं. खिडकीपाशी तिचं विणकामाचं मशीन होतं, सुयांची लांब रांग आणि तिच्यावरून हाताने सरकवायची एक गाडी. गाडी डावीकडून उजवीकडे गेली की खर्रर्र, टोकाला टक. उजवीकडून डावीकडे, खर्रर्र, टक. ऑर्डर असली की सकाळपासून रात्रीपर्यंत. सगळ्या इमारतीला ती ताई, काका, आजोबा म्हणायची. शूबाईंना मॅडम म्हणायची. आणि फोरमनना म्हणायची फोरमनसाहेब. साधं 'भाऊ' म्हणायला हिची जीभ झिजते का, हा प्रश्न शूबाईंना त्या रात्री पहिल्यांदा पडला आणि मग रोज पडायला लागला.

संशय ही गोष्ट अशी की तिला खायला घालावं लागत नाही, ती मिळेल ते खाते. फोरमनची पाळी तीनला सुटायची, शूबाई साडेसहाला घरी यायच्या. पूर्वी त्या दार उघडायच्या तेव्हा फोरमन खुर्चीत असायचे. आता त्या आल्यावर दहा मिनिटांनी येत, खालून, आणि चेहरा बरा दिसायचा. कुठे होता म्हटलं की जरा खाली गेलो होतो. खाली म्हणजे रस्ताही आला, दुकानही आलं. शूबाईंनी पुढे विचारलं नाही. ज्याचं उत्तर सहन होणार नाही ते विचारू नये, इतकं शहाणपण त्यांना होतं. पण त्यावरून विचार करू नये इतकं नव्हतं.

मग एके दिवशी फोरमन नवा बिनबाह्यांचा स्वेटर घालून आले. कुठून आणला? खालून घेतला, स्वस्तात दिला. शूबाईंनी तो लांबूनच बघितला. फोरमनचा डावा खांदा उजव्यापेक्षा अर्धा इंच उतरलेला आहे. तयार कपडा त्यांच्या अंगावर नेहमी एका बाजूला लोंबतो. ही गोष्ट जगात आपल्या एकटीलाच ठाऊक आहे, असा शूबाईंचा वीस वर्षांचा समज होता. तो स्वेटर दोन्ही खांद्यांवर चपखल बसला होता.

त्या रात्री त्या जेवल्या नाहीत. पोट दुखतंय म्हणाल्या, आणि ते अगदी खरं होतं.

तेव्हापासून त्यांचे ते तरबेज कान त्यांच्याच जिवावर उठले. सुट्टीच्या दिवशी, घरात टाचणी पडेल तर ऐकू येईल अशा शांततेत, जमिनीखालून सगळं वर यायचं. खर्रर्र, टक. खर्रर्र, टक. मग थांबायचं. का थांबलं? मग ते हसणं. मग पुन्हा खर्रर्र. शूबाई हातातलं काम टाकून मोजत बसायच्या: किती फेऱ्यांनंतर थांबतं, थांबलं की हसणं किती वेळात येतं, हसण्यानंतर पुरुषाचा आवाज येतो का. इतकी वर्षं दुसऱ्यांचे आवाज बंद केले, आता हा एक आवाज असा आला की तो ऐकल्याशिवाय राहवेना आणि ऐकून जगवेना. कानामागून आली आणि तिखट झाली, असं त्या भांडी घासता घासता पुटपुटायच्या. घासत मात्र हळूच होत्या, आवाज होऊ नये म्हणून.

वाचनालयात वाळवीचं औषध मारायचं निघालं आणि एके दिवशी सगळ्यांना दुपारी चारलाच सोडलं. शूबाई सव्वाचारला इमारतीच्या दाराशी. पहिल्या मजल्यावर स्वेटरवालीचं दार सताड उघडं. आत लोकरीचे गोळे, पुठ्ठ्याचे नळे, खिडकीशी पाठमोरी ती, गाडी सरकवत. आणि भिंतीशी एका वेताच्या खुर्चीत फोरमन. मान एका बाजूला कललेली, तोंड किंचित उघडं, हात मांडीवर पसरलेले. झोपले होते.

शूबाई उंबरठ्याबाहेर उभ्या राहिल्या. हसणं, बोलणं, चहाचे कप, या सगळ्याची त्यांनी मनात तयारी केली होती. त्याला उत्तरंही तयार होती. झोपेची तयारी नव्हती. चार महिने हा माणूस त्यांच्या शेजारी टक्क जागा होता. उशा बदलल्या, पडदे बदलले, दूध दिलं, पायांना तेल लावलं. तो इथे, लोकरीच्या कचऱ्यात, परक्या बाईच्या खुर्चीत लहान मुलासारखा झोपला होता. त्यांना वाटलं, याने हिचा हात धरलेला असता तर बरं झालं असतं. निदान भांडता आलं असतं.

स्वेटरवालीने मागे वळून बघितलं. तिचा हात चालूच होता. तिने ओठांवर बोट ठेवलं आणि हळूच म्हणाली, "शूऽ, मॅडम. आत्ताच डोळा लागलाय."

शूबाईंना! शू!

त्या दाण दाण पावलं टाकत वर गेल्या. त्या जिन्यावर त्यांचं पाऊल वाजल्याचं त्यापूर्वी कुणी ऐकलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी वाचनालयात, टेबलावर कोपर टेकवून, त्यांनी इमारतीच्या कमिटीला अर्ज लिहिला. विषय, संदर्भ, मुद्दे क्रमाने. निवासी इमारतीत यंत्र चालवणं. वृद्ध, विद्यार्थी व आजारी यांना होणारा त्रास. दुपारी दोन ते सहा यंत्र बंद ठेवण्याबाबत. अक्षर मुद्दाम डावीकडे झुकवून काढलं. खाली लिहिलं, एक त्रस्त रहिवासी. घडी घातली, संध्याकाळी कमिटीच्या पेटीत टाकला. आजारी या शब्दाशी त्यांचा हात जरा अडखळला होता, पण त्यांनी मनाला सांगितलं, कान जपायचेत, डॉक्टरांनीच सांगितलंय. मत्सराला असं एखादं औषधाचं कारण मिळालं की तो अगदी सभ्य दिसायला लागतो.

आठवड्यात खालचं मशीन दुपारचं बंद पडलं. शूबाई घरी येत तेव्हा फोरमन घरी असत. खुर्चीत, हात मांडीवर. दोन दिवस शूबाईंना जिंकल्यासारखं वाटलं. तिसऱ्या दिवशी त्यांच्या लक्षात आलं की फोरमन बोटांनी खुर्चीच्या दांड्यावर काहीतरी घासतायत, पुढे मागे, पुढे मागे. चौथ्या दिवशी ते संध्याकाळभर स्वयंपाकघरात नळ सोडून उभे राहिले आणि पाणी वाया जातंय म्हटल्यावर इतक्या जोरात ओरडले की लेक पुस्तक टाकून आली. त्यानंतर ते रोज मोठ्या चौकात जाऊन बसायला लागले, जिथे ट्रक वळतात. परत आले की डोळे लाल, बोलणं नाही.

दोन आठवडे असे गेले, आणि एका शुक्रवारी जेवताना फोरमन म्हणाले की सोमवारपासून ते पुन्हा पट्ट्यावर जाणार आहेत. अर्ज दिलाय, मोठे साहेब हो म्हणालेत.

लेक म्हणाली, "बाबा, डॉक्टरांनी नाही म्हटलंय ना? उरलंसुरलं ऐकू येणंही जाईल."

"जाऊ दे. तिथे निदान ही शिट्टी ऐकू येत नाही."

शूबाईंनी घास खाली ठेवला. इतके दिवस दाबून ठेवलेलं सगळं वर आलं आणि जे विचारायचं नव्हतं ते लेकीसमोर विचारलं गेलं.

"त्या बाईकडे असं काय आहे, जे या घरात नाही?"

फोरमननी ताट बाजूला सारलं. मग म्हणाले, "आवाज."

आणि मग त्यांनी सांगितलं. डॉक्टरांनी दोन गोष्टी सांगितल्या होत्या. मोठ्या आवाजात जाऊ नका ही पहिली. दुसरी, अगदी शांत जागीही बसू नका. शांततेत ती शिट्टी मोठी होते, कारण कानाला दुसरं कामच उरत नाही. काहीतरी हलकं, एकसारखं वाजत ठेवा, पंखा, नळ, फ्रिज, काही. शिट्टीपेक्षा जरा कमीच, म्हणजे ती बुडणार नाही पण मिसळून जाईल. मग हळूहळू मन तिच्याकडे बघेनासं होतं. म्हणून फोरमन रात्री फ्रिजपाशी उभे राहायचे. खालचं मशीन तर त्यांना बरोब्बर लागू पडलं होतं, लाटेसारखं येणारं जाणारं. एकदा जिन्यात ऐकत उभे होते, तर ती म्हणाली, फोरमनसाहेब, उभं काय राहता, खुर्ची आहे. बस. पुढे एक शब्द नाही. ती विणायची, ते झोपायचे.

"मग मला सांगायचं नाही?" शूबाईंचा आवाज चिरकला.

"कसं सांगू? डॉक्टरांकडून आल्यावर दुसऱ्या दिवशी मी तोंड उघडणार, तर तू खुर्च्यांना कापड शिवत बसली होतीस. मग घड्याळ. मग फ्रिज ओढून पाठ धरलीस. तुला म्हणू, सगळं उलटं करतेयस?" त्यांनी पाण्याचा पेला पुढे ओढला. "आणि आणखी एक सांगतो. बारीक आवाज गेलेत ना, त्यात स, श सगळं गेलं. तुझं ते शू मला दोन वर्षं ऐकू येत नाही. ओठ दिसतात नुसते."

लेकीला हसू आलं आणि रडूही. शूबाई उठल्या. त्यांनी बाल्कनीत जाऊन फ्रिजला हात घातला. लेक धावली. दोघींनी मिळून तो आत आणला, हिरव्या कापडाच्या खुर्च्यांना धक्के देत, आणि जागेवर लावला. तो गुणगुणायला लागला. फोरमननी डोळे मिटले, पण थोड्या वेळाने मान हलवली. बरं वाटतंय, म्हणाले, पण फ्रिजची मोटर मधेच बंद पडते. आणि तो बंद पडला की ती शिट्टी दबा धरून बसलेलीच असते.

रविवारी सकाळी शूबाई खाली गेल्या. स्वेटरवालीने दार उघडलं. आज हसली नाही. शूबाईंनी जिन्यात पाठ केलेली वाक्यं होती: मशीन दुपारचं सुरू करावं, कमिटीशी मी बोलेन, कुणी मूर्खाने तक्रार केली असेल. पहिलंच वाक्य अर्ध्यावर असताना स्वेटरवाली आत गेली आणि घडी घातलेला एक कागद घेऊन आली.

"सेक्रेटरींनी मला हा दिला. कुणी लिहिला माहीत नाही, म्हणाले." तिने कागद उलगडून शूबाईंसमोर धरला. "पण मॅडम, याच्यावर परतीची तारीख आहे. आठवडा उलटून गेला. दंड असेल तर माझ्याकडून घ्या."

अर्जाच्या उजव्या कोपऱ्यात, जांभळ्या शाईत, ठसठशीत तारखेचा शिक्का होता. बावीस वर्षांची सवय. हाताखालून जो कागद जाईल त्याच्यावर शिक्का, आणि शिक्का नेहमी पंधरा दिवस पुढे लावलेला. अक्षर झुकवलं, नाव लपवलं, आणि शेवटी शिक्का मारला. इमारतीतल्या निम्म्या घरांत त्याच शिक्क्याची पुस्तकं होती.

शूबाईंचे कान तापले. त्यांनी कागद घेतला. यापुढे काय बोलतात, ते त्यांना बावीस वर्षांत शिकवलं नव्हतं. तिथे फक्त गप्प करायचं काम होतं. शेवटी त्या म्हणाल्या, "मी तक्रार मागे घेते."

"मागे कशी घेणार? निनावी आहे. ज्याने दिलीच नाही त्याने मागे कशी घ्यायची?" आता तिच्या डोळ्यांत थोडं हसू आलं होतं. "दुसरी लिहा. नाव घालून. की मी हिच्या बरोब्बर वर राहते आणि हिच्या मशीनचा मला काडीचा त्रास होत नाही."

काडीचा त्रास होत नाही. हे लिहून खाली सही करायची. शूबाईंनी आजवर खोट्या गोष्टीवर सही केली नव्हती. त्यांनी विचारलं, "एक सांगाल? त्यांच्या खांद्याचं माप कुणी घेतलं?"

"माप कशाला? महिनाभर समोर झोपलेला माणूस. डोळ्यांनीच कळतं." मग ती म्हणाली, "माझा नवरा गेल्यापासून या खोलीत माझ्याशिवाय कुणी श्वास घेतला नव्हता मॅडम. मला वाटलं, घेऊ दे. मला ते घोरतात त्याची सोबत होती. एवढंच घेतलंय मी तुमचं."

एवढंच. शूबाईंना ते एवढंच अजिबात एवढंसं वाटलं नाही. पण त्यांनी तिथेच, लोकरीच्या खोक्यावर कागद ठेवून, सरळ अक्षरात लिहिलं आणि सही केली. शिक्का मारायला काही जवळ नव्हतं, ते बरं झालं.

मशीन पुन्हा सुरू होणार म्हटल्यावर सोमवारी सकाळी फोरमन पट्ट्याऐवजी गोदामातच गेले, आणि दुपारी तीननंतर मशीन सुरू झालं. त्या निनावी अर्जाची गोष्ट फोरमनना कधी कळली नाही. नवऱ्यापासून लपवलेली आयुष्यातली एकुलती एक गोष्ट, आणि ती ठाऊक कुणाला, तर नेमकी तिला. शूबाईंना हेही सहन करावं लागलं.

दुपार सुटली तरी रात्र उरलीच होती. त्यावर लेकीने उपाय काढला. तिने खाली जाऊन फोनवर मशीनचा आवाज अर्धा तास भरून आणला, फिरून फिरून वाजेल असा लावला आणि फोन बाबांच्या उशाशी ठेवला, आवाज अगदी कमी करून, डॉक्टरांनी सांगितला तेवढाच. फोरमन पंधरा मिनिटांत झोपले. शूबाईंना आनंद झाला. खरोखर झाला. अकरा मिनिटं टिकला. मग त्या भरलेल्या आवाजात स्वेटरवाली हसली. लेक काहीतरी बोलली असणार. ते हसणं त्यांच्या अंथरुणावर, दोन उशांच्या मधोमध, लख्ख ऐकू आलं. अर्ध्या तासाने पुन्हा. पुन्हा अर्ध्या तासाने. नवरा गाढ झोपलेला आणि बायको डोळे उघडे ठेवून सवतीच्या हसण्याची वाट बघतेय, असं आठ रात्री चाललं. कामावर त्या टेबलावरच पेंगल्या आणि मुलांनी एकमेकांना 'शूऽ' केलं, बाई झोपल्यात म्हणून.

नवव्या दिवशी त्या खाली गेल्या आणि म्हणाल्या, "मला शिकवा."

स्वेटरवालीकडे एक जुनं मशीन पलंगाखाली पडून होतं. दोघींनी ते वर चढवलं आणि फोरमनना कळू नये म्हणून लेकीच्या खोलीत ठेवलं. शूबाईंचा हात पुस्तकांना सरावलेला, लोकरीला नाही. गाडी मधेच अडायची, टाके गळायचे, रांगेतून भोकं पडायची. स्वेटरवाली दोन्ही हात कमरेवर ठेवून म्हणायची, मॅडम, हे विणताय की जाळं फेकताय. शूबाई ओठ घट्ट मिटून पुन्हा पहिल्यापासून. त्यांना स्वेटर करायचाच नव्हता. दहा दिवसांनी एका रविवारी, फोरमन चौकात फिरायला गेले असताना, त्यांनी लेकीला फोन घेऊन समोर बसवलं आणि अर्धा तास गाडी ओढली. लेक अधूनमधून काही बोलायला जायची, की त्या सवयीने 'शूऽ' करायच्या.

त्या रात्री उशाशी नवा आवाज लागला. फोरमन डोळे मिटून पडले होते. थोड्या वेळाने म्हणाले, "हे दुसरं कुणीतरी आहे. हात अडखळतो हिचा."

"शिकतेय ती," शूबाई म्हणाल्या.

"चालेल. बरं वाटतंय," फोरमन म्हणाले आणि कुशीवर वळले.

शूबाई अंधारात ऐकत राहिल्या. खर्रर्र, अडकलं, खर्रर्र, टक. सातव्या मिनिटाला त्यांचं स्वतःचं 'शूऽ' आलं. फोरमनना ते ऐकू येणार नव्हतंच, नाहीतर हसले असते. खालचा दिवा अजून चालू होता, खालचं मशीनही चालू होतं, आणि आज पहिल्यांदाच दोन्हींत कोणतं कुठलं हे शूबाईंनी मोजलं नाही. म्हणजे, थोडा वेळ मोजलं. मग आकडा चुकला, आणि दुसरं 'शूऽ' यायच्या आत त्यांचा डोळा लागला.